हॉस्पिटलात खाल्लेलं पापलेट

माझा जन्म अर्नाळ्याचा, मच्छीमारांच्या घरातला. बाबा होडीवर जात, आई विरारच्या बाजारात मासे विकायला बसे, आत्या जवळा सुकवून विके आणि मला माशांची ॲलर्जी होती. सोनाराच्या घरात सोन्याची ॲलर्जी असलेली मुलगी जन्मली, तर निदान लग्नात दागिन्यांचा तरी प्रश्न येत नाही. माझ्या ॲलर्जीचा मात्र कुणालाच काही फायदा नव्हता.

ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी अंगणवाडीत होते. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, पण घरात हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की आता तो मला पाठ आहे. चुलत बहिणीचा साखरपुडा होता. कोळंबीचं कालवण होतं. मी म्हणे दोन्ही हातांनी जेवत होते. जेवता जेवता माझे ओठ सुजायला लागले. काका म्हणाले, "ही बघा, आत्यावर गेली!" सगळे हसले. आत्या रागावली. मीही हसायचा प्रयत्न करत होते, पण ओठ हलेनात. मग अंगावर गांधी उठल्या आणि श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली. सगळ्यांत आधी आईचं हसू थांबलं. ती मला उचलून अनवाणीच रिक्षापर्यंत पळाली.

आगाशीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मी परत माणसात आले. त्यांनी काय खाल्लं ते विचारलं, आणि म्हणाले, "यापुढे मासे बंद."

बाबांनी विचारलं, "कोलबी बंद?"

"सगळेच बंद. कोळंबी, खेकडे, मासे, सगळं. उगाच धोका नको."

"पन पापलेट तर ही आदी खायची."

"आधी चाललं म्हणून पुढे चालेलच असं नाही."

"मंग ही खानार काय?"

"भात, भाजी, अंडी, चिकन. बाकीचं जग खातंच ना?"

बाकीचं जग माशांवाचून जगतं, हा विचार बाबांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला असावा.

आत्याला डॉक्टरांचं म्हणणं अजिबात पटलं नाही. कोळ्याच्या पोरीला मासा बाधतो म्हणजे नजर, दुसरं काय! तिने मला पाटावर बसवलं, मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका घरभर पसरला. नजर असली की ठसका लागत नाही म्हणतात. इथे घरातली झाडून सगळी माणसं खोकत बाहेर पळाली. माझा दम पुन्हा वर चढला. तरी आत्या डोळे पुसत विजयाने म्हणाली, "बघा, केवडी नजर होती!"

त्यानंतर घराची सगळी रीतच बदलली. कोळंबीचा नुसता वाफारा लागला तरी मी सुजे, म्हणून कोळंबी मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर शिजायला लागली. आई बाजारातून आली की मी धावत जायचे आणि ती हात वर करून ओरडायची, "थांब! शिवू नको!" मग मागच्या दारी आंघोळ, हातांना लिंबू, लुगडं बदलणं आणि त्यानंतर मला जवळ घेणं. इतर मुलांच्या आया घरी आल्या की लगेच आया होत. माझी आई आंघोळ झाल्यावर व्हायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा. दिवसभर उन्हात बसून आलेल्या बाईला दारात पोर दिसत असून तिला उचलता येत नाही, म्हणजे काय होत असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

आत्याचा जवळा, म्हणजे कोळंबीचीच बारीक जात, अंगणात पसरलेला असे तेव्हा मला माळ्यावर धाडत आणि खिडक्या लावून घेत. माळ्यावर जुनी जाळी, गोधड्या आणि त्यावर बसलेली धूळ. तिथे मला शिंका सुरू झाल्या. शिंकांवरून डोळे, डोळ्यांवरून दमा. म्हणजे धुळीचीही ॲलर्जी निघाली. खाली जवळा, वर धूळ. शेवटी मी जिन्यात राहायला लागले. माझा अभ्यास जिन्यात, खेळ जिन्यात, दुपारची झोपही जिन्यात. पाहुणे आले की वर जाताना मला ओलांडून जात. आत्या सांगे, "आमची पोर नाजूक हाय," आणि ते अशा आवाजात सांगे की पाहुण्यांना कपबशी आठवावी.

जिन्यात बसून जेवणाऱ्यांकडे बघणं हा माझा मुख्य उद्योग झाला. खाता येत नसलं तरी मला चव हवी होती. मी मोठ्या भावाला विचारायचे, "कोळंबी कशी लागते?"

"मस्त."

"मस्त म्हणजे कशी?"

"म्हणजे... मस्त."

या माणसाकडे जीभ होती, तिच्यावर रोज मासे पडत होते आणि त्याला एक शब्द सोडून दुसरा येत नव्हता. मला हा शुद्ध अन्याय वाटे. आई मात्र विकणारी बाई, तिला सांगता यायचं. "कोलबी चावली का आदी नुसती दबते. मंग एकदम गोड होते. शहाल्याची मलई हाय ना, तशी, पन जरा खारी." मी शहाळ्याची मलई तोंडात धरून बसायचे, जिभेवर मिठाचा कण ठेवायचे आणि डोळे मिटायचे. बोंबील म्हणजे तोंडात टाकल्यावर आहे की नाही अशी शंका येणारा. हलवा म्हणजे जरा अंगात माज असलेला. सुरमईचा तुकडा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. पापलेटबद्दल बोलताना सगळ्यांचाच आवाज खाली येई, त्यावरून ते काहीतरी देवळातल्यासारखं असावं असं मी ठरवलं. शाळा संपेपर्यंत मी किनाऱ्यावरचे सगळे मासे मनात इतक्यांदा खाल्ले होते की माझं वजन वाढायला हवं होतं.

दहावीच्या सुट्टीत आईचं मनगट दुखावलं. तिला पाटी उचलवेना. भाऊ बाबांबरोबर होडीवर जायला लागला होता. मी म्हटलं, मी येते बाजारात. घरात दोन दिवस यावर वाद झाला. शेवटी ठरलं की आई त्या दिवसांत कोळंबीला हात लावणार नाही, फक्त पापलेट, सुरमई आणि हलवा विकेल, आणि मी तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घालून नुसती पैसे घ्यायला बसेन. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरीणबाईसारखी मी मासळीबाजारात जाऊन बसले. शेजारणींनी यथेच्छ करमणूक करून घेतली.

तिसऱ्या दिवशी विरारच्या नव्या इमारतींमधली एक तरुण बाई आली. नवं लग्न झालेलं दिसत होतं, आणि माशांतलं काही कळत नसावं. तिने पापलेटकडे बोट करून विचारलं, "हे कसं लागतं हो?"

आई दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती. मी तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. कडा कशा कुरकुरीत होतात, मधला भाग ओठांनीच कसा सुटतो, काट्याजवळचं मांस सगळ्यांत गोड कसं असतं, पहिला घास भाताबरोबर का घेऊ नये. बाई ऐकत राहिली. तिच्या मागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. तिने दोन पापलेटं घेतली, मागच्या दोघींनीही घेतली. आई माझ्याकडे बघत होती, जणू मासा बोलायला लागला होता.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "बाळ, तुला स्वतःला कसं आवडतं? तळलेलं की कालवण?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मी खात नाही."

"आज वार आहे का?"

"नाही. कधीच खात नाही."

पहिल्या बाईने पिशवीत डोकावून आपल्या पापलेटांकडे संशयाने पाहिलं. आई मनगटाचं दुखणं विसरून मध्ये पडली, "ती खात नाय म्हनून तर तुमच्यासाटी उरतात! घ्या, घ्या!" लोक हसले आणि अब्रू वाचली.

घरी आल्यावर मोजे काढले तर उजव्या मोज्याला बोटभर चीर. गिऱ्हाइकांना मासे उचलून देताना कुठल्यातरी माशाचा काटा लागला असणार. म्हणजे सकाळपासून माशांचं पाणी माझ्या हाताला लागत होतं. मी जिन्यात जाऊन बसले आणि शांतपणे वाट बघू लागले. माझ्याइतका मरणाचा सराव आमच्या आळीत कुणालाच नव्हता. कंपासपेटी कुणाला द्यायची, सायकल कुणाला, हे सगळं माझं कधीचंच ठरलेलं असे. गांधी उठायची वाट बघितली, शिट्टीची वाट बघितली. काहीच होईना. हात नुसता सुरकुतला होता, आणि त्याला माशांचा वास येत होता. मला थोडी निराशाच वाटली. मग प्रश्न पडला. कोळंबीच्या नुसत्या वाफेने मी सुजते, तर पापलेटच्या पाण्यात हात बुडवून काहीच का होत नाही?

हा प्रश्न मी अकरावीत जीवशास्त्राच्या सरांना विचारला, पण घाबरून वेगळ्याच शब्दांत. "सर, कोळंबी हा मासा आहे का?" वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं की मी अर्नाळ्याची, मच्छीमारांच्या घरातली. सगळे बाक वाजवून हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "मुळीच नाही. माशाला पाठीचा कणा असतो, कोळंबीला नसतो. नात्याने बघितलं तर कोळंबी माशापेक्षा झुरळाला जवळची."

वर्गात "ईऽऽ" झालं. मला मात्र उठून नाचावंसं वाटलं. घरी गेले तर सगळे जेवत होते, मी जिन्यातूनच जाहीर केलं, "कोळंबी झुरळाची नातेवाईक आहे!" बाबांचा घास हातातच थांबला. त्यांनी कालवणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असल. पन हिची चव चांगली हाय."

पुढे मी मायक्रोबायोलॉजी घेतलं. लोक डॉक्टर व्हायला, नोकरी मिळवायला शिकतात, मी केवळ स्वतःची चौकशी करायला शिकले. तिथे कळलं की कोळंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन असतं. जवळजवळ तसंच प्रथिन खेकड्यात, झुरळात आणि धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांत असतं. माझ्या शरीराचा पहारेकरी त्यातल्या कुणालाही बघितलं की दंगल झाल्यासारखा शिट्टी फुंकत सुटतो. माशांच्या अंगातलं जे प्रथिन लोकांना बाधतं ते अगदीच वेगळं. म्हणजे माळा आणि अंगण, दोन्हीकडून मला हाकलणारं कदाचित एकच असेल.

एके दिवशी मी माझ्या उशीची धूळ कागदाच्या पुडीत घालून प्रयोगशाळेत नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ नुसते धागे दिसले. मग एक हलला. आठ पाय, गोल पाठ, अंगावर विरळ केस, आणि चालण्यात कसलीही घाई नाही. मी बघतच राहिले. लहानपणापासून मला नखरे आहेत, नजर आहे, पोर नाजूक आहे, असं काय काय ऐकत आले होते. आणि हा तर चक्क एक प्राणी निघाला. त्याला पाय होते. मैत्रिणीने विचारलं, "रडतेस काय?" मी म्हटलं, "ॲलर्जी." ती लगेच दोन हात मागे सरकली.

आपल्याला सगळं कळलं आहे अशा समजुतीत मी असताना वटार गावात एका मैत्रिणीच्या लग्नात मी बटाट्याची भजी खाल्ली. बटाट्याचीच होती. पण त्याच तेलात आधी कोळंबी तळली होती, आणि मी, मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, तेलाची चौकशी करायला विसरले होते. नवरीच्या मामाने मला स्कूटरवर मध्ये बसवलं, मागून त्याच्या बायकोने धरलं आणि दवाखान्यात पोचवलं. वरातीआधी माझीच वरात निघाली. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता ॲड्रेनालिनचं इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं. घरच्यांनाही द्यायला शिकवा."

सराव कच्च्या केळ्यांवर केला. भाऊ सुई बघूनच घामाघूम झाला. बाबा म्हणाले, "केल्यानं माजं काय केलंय?" आईने मात्र पदर खोचला, केळं मांडीवर आडवं धरलं आणि इतक्या जोरात सुई मारली की ती आरपार गेली. "मेलं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "केळं मेलं. मला वाचवायचंय." चार-पाच केळी कामी आल्यावर तिचा हात बसला. तेव्हापासून मी आईशी उलट बोलणं कमी केलं.

पदवीनंतर वसईच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि स्वतःच्या पगारातून मी मुंबईला ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या हातावर थेंबांच्या ओळी मांडल्या आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टोचलं. थोड्या वेळाने कोळंबीची गाठ टरारून फुगली, खेकड्याची, धुळीच्या किड्याची आणि झुरळाचीही फुगली. झुरळ मी आयुष्यात खाल्लं नव्हतं, पण माझ्या शरीराने त्याचीही तयारी करून ठेवली होती. माशांच्या थेंबांच्या जागी नुसती त्वचा.

"माशांच्या जागी काहीच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "पण खात्री खाऊनच करायची. इथे, आमच्या डोळ्यांसमोर. मासा घरून करून आणा. कोळंबी लागलेलं भांडं, तेल, सुरी, काही वापरायचं नाही."

आईने नवा तवा घेतला, नवी सुरी घेतली, आणि तरी दोन्ही तीनदा घासले. भावाने पापलेट वेगळ्या बर्फात, वेगळ्या पिशवीत आणलं. त्या दिवशी आई बाजारात गेली नाही. काठापदराची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात डबा. हॉस्पिटलात आम्ही शिरलो तर वाटावं, कुणाचा तरी साखरपुडा आहे.

डॉक्टरीणबाईंनी आधी पापलेटचा तुकडा माझ्या ओठाला नुसता लावला. मग थांबलो. मग वाटाण्याएवढा तुकडा. पुन्हा थांबलो. तळलेल्या पापलेटचा वास वॉर्डभर पसरला होता. दारातून कुणी ना कुणी डोकावून जात होतं. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं, "हे जेवण कितव्या मजल्यावर मिळतं?" आई मात्र माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. तिच्या पर्समध्ये ते इंजेक्शन होतं आणि तिचा हात पर्समध्ये होता. समोर डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन, सगळं असताना तिचा हात पर्समधून बाहेर येईना.

तुकडे मोठे होत गेले. माझे ओठ होते तेवढेच राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "आता उरलेलं सगळं खा."

मी खाल्लं. आणि खरं सांगायचं तर मला ते फिकं लागलं. मऊ होतं, पांढरं होतं, मसाला चांगला होता. पण जिन्यात बसून मी जे पापलेट खात आले होते, त्याच्यापुढे हे म्हणजे कुणीतरी ऐकून ऐकून बनवलेली नक्कल वाटली. आई विचारत होती, "कसा लागला गो?" मी बाजारात परक्या बायांना पापलेटची कडा नि कडा सांगितलेली, पण तिच्याकडे बघितलं आणि मला एकच शब्द आला.

"मस्त."

भावाचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "मस्त म्हनजे कसा?" मी फोन ठेवला.

आईने पर्समधून हात काढला, डबा उघडला आणि राहिलेला दुसरा मासा नर्सच्या पुढे केला. "घ्या सिस्टर, दमल्या असाल." मग पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली. नर्सने मला खुणेने विचारलं, काय झालं. मी खुणेनेच सांगितलं, काही नाही.

कोळंबी मला आजही बंद आहे आणि पुढेही बंदच राहील. तिची चव माझ्या कल्पनेतच आहे, आणि पापलेटचा अनुभव बघता ती तिथेच बरी आहे. बाकी मासे मी आता आईच्या त्या नव्या तव्यावर खाते. मला सगळ्यांत आवडली ती मांदेली, बोटाएवढी, बाजारातली सगळ्यांत स्वस्त मासळी. एवढ्या तपश्चर्येनंतर मला मांदेली आवडावी, याचं आईला अजून वाईट वाटतं. नजर उतरायला जरा वेळच लागतो, असं आत्याचं मत आहे.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्या फेरीआधी बाबांनी होडी धुऊन रंगवून घेतली. होडीवर मी कधी चढले नव्हते. जाळ्यांत, फळ्यांत, दोरांत, सगळीकडे कोळंबी मुरलेली. आता जाळी अजून होडीवर चढली नव्हती आणि होडीला नुसता रंगाचा वास होता. बाबा दारात येऊन म्हणाले, "येतेस?"

मी इंजेक्शन पर्समध्ये टाकलं आणि निघाले. किनाऱ्यावरच्या ओळखीच्या लोकांना हात करत मी पुढच्या टोकाला जाऊन बसले. समोरचं अर्नाळा किल्ल्याचं बेट ओलांडलं आणि खरा दर्या सुरू झाला. पाच मिनिटांत मला मळमळायला लागलं आणि मी कठड्यावरून वाकून सकाळचा सगळा नाश्ता समुद्राला दिला. बाबांनी मागून माझ्या कुर्त्याची कॉलर घट्ट धरली होती. त्यांचा आवाज घाबरलेला होता.

"कोलबीची ॲलर्जी, धुलीची ॲलर्जी. आता दर्याची पन हाय काय?"

मी तोंड पुसलं, दंड तपासले, श्वास घेऊन बघितला. शिट्टी नव्हती. "नाही बाबा," मी म्हटलं, "ही नुसती ओकारी आहे. ही सगळ्यांना होते."

हे बोलताना मला केवढा अभिमान वाटला ते सांगता येत नाही. सगळ्यांना होतं असं काहीतरी मला पहिल्यांदाच झालं होतं. बाबांनी कॉलर सोडली, इंजिनाकडे जाऊन बसले, आणि होडी त्यांनी मागे वळवली नाही.